निळी वायर

माणसानं आपल्या घरात काय काय मोजावं याला काही धरबंध असतो. कुणी ताप मोजतं, कुणी वजन मोजतं, एखादी खाष्ट सासू फार तर शेजारी गेलेल्या वाट्या मोजते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काटेकोरांनी भिंतीतून येणारी वीज मोजायला घेतली, तीही रोज, तीही ऑफिसात बसून. त्यात ते स्वतः, त्यांची आई, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, समोरच्या दारातले मॅनेजरसाहेब आणि वीज कार्यालयातला एक अभियंता असे सगळेच भरडले गेले. बायको तेवढी वाचली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मला यात ओढू नका."

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. इमारतीनं ते त्यांच्या पाठीमागे ठेवलं, आणि ते इतकं रुळलं की कुरिअरवाला दाराशी येऊन "काटेकोर इथंच ना?" म्हणून विचारायचा आणि बायको मुकाट्यानं सही करून पुडकं घ्यायची. ते ज्या प्रयोगशाळेत नोकरीला होते तिथं दुसऱ्यांचे मीटर तपासले जात. कारखान्यांतून, इस्पितळांतून मीटर यायचे. काटेकोर ते खऱ्या मापाशी ताडून बघायचे आणि हा बरोबर दाखवतो, हा थापा मारतो, असा दाखला द्यायचे. नव्यानं लागलेल्या मंडळींना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत: जे यंत्र वीज खातं त्याच्या तोंडाशी माप घ्या, लांबून घेतलेलं माप लांबचंच असतं. मंडळी माना डोलवायची. दिवसभर थापा पकडणारा माणूस घरी आल्यावर लगेच थांबतो असं नाही, त्यामुळे घरातलं घड्याळ, वजनकाटा आणि बायकोचं "दोन मिनिटांत निघते" या तिन्हींवर त्यांची नजर असे.

आई आतल्या खोलीत असायची. तिची फुप्फुसं थकली होती. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकाशी पोचवणारं एक मशीन तिच्या पलंगापाशी दिवसभर गुरगुरत असे. नळी चांगली लांब होती, त्यामुळे आई नळीसकट स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, पार गॅलरीच्या दारापर्यंत हिंडायची. अडचण एकच होती. ते मशीन अधूनमधून आपण होऊन बंद पडे. मग ते कर्कश शिट्टी मारी, आई धापा टाकत पलंगापर्यंत जाई, बटण दाबी, की पुन्हा गुरगुर सुरू. काटेकोर आणि त्यांची बायको, दोघंही दिवसा कामावर. एकदा मशीन लवकर सुरूच होईना, आणि बायको घरी आली तेव्हा आईचे ओठ काळेनिळे पडले होते.

ही बातमी दुसऱ्या गावातल्या ताईपर्यंत गेली. ताई मोठी, शाळेत मुख्याध्यापिका, आणि भावाशी बोलतानाही आवाज प्रार्थनेच्या रांगेपुढे लावल्यासारखा. ती येऊन म्हणाली, "हे आणखी एकदा झालं की मी आईला घेऊन जाणार. मग मला काही सांगू नकोस."  ताई गेल्यावर आई काटेकोरांना जवळ बसवून म्हणाली, "मला इथंच राहू दे रे. या वयात नवीन भिंती कुठं ओळखीच्या करत बसू?" काटेकोरांनी तिला शब्द दिला, आणि त्यांनी दिलेला शब्द म्हणजे दाखलाच.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. मशीन ठणठणीत आहे, दोष तुमच्या विजेत आहे, असं सांगून त्यानं चहा घेतला. मग इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सगळ्या इमारतीचं व्यवस्थापन त्यांनी बिनपगारी अंगावर घेतलं होतं. ते म्हणाले, मोठी बॅटरी बसवा, वीज गेली तरी मशीन चालेल. दातांचे डॉक्टर म्हणाले, माझ्या खुर्चीला आहे तसा स्टॅबिलायझर घ्या. बायको म्हणाली, यातलं काहीही एक करा, पण करा. काटेकोर दुखावले. न तपासता औषध देणारा डॉक्टर आणि न मोजता बॅटरी विकणारा दुकानदार यांच्यात ते फरक करत नसत. आधी विजेचा दाब कधी पडतो, किती पडतो, हे समोर येऊ द्या, मग बघतो त्या वीज कार्यालयाकडे, असं त्यांनी जाहीर केलं. आई आतून म्हणाली, "त्या मशीनचा प्लग गरम होतो रे." काटेकोर म्हणाले, मशीन चालतंय म्हटल्यावर गरम व्हायचाच.

त्यांच्या या उत्साहाला प्रयोगशाळेतली नवी व्यवस्था कारण होती. पूर्वी गार खोलीत स्वेटर घालून मीटरसमोर उभं राहायचं आणि आकडे उतरवायचे. अलीकडच्या मीटरांना पाठीमागून इंटरनेटची वायर लागू लागली होती. आता काटेकोर आपल्या खुर्चीतून हुकूम सोडत, मीटर तिकडे बंद खोलीत माप घेई, आणि आकड्यांची धार त्यांच्या पडद्यावर येऊन तिची रेषा होई. ही व्यवस्था त्यांनीच बसवली होती, आणि त्यांच्या सगळ्या नोकरीत साहेबांनी चारचौघांत वाखाणलेली ही एकच गोष्ट. जे गार खोलीत जमतं ते घरी का जमू नये? अडगळीत एक जुना, पण अंगाला वायर लागेल असा मीटर पडून होता. भांडारपाल म्हणाला, चालू मीटर बाहेर जात नाही. बाद असेल तर जातो, पण बाद ठरवायला तो चुकीचा दाखवतो असा दाखला हवा. आणि असा दाखला द्यायचा अधिकार फक्त काटेकोरांना होता. आयुष्यात एकही खोटा दाखला न दिलेल्या काटेकोरांनी एका सज्जन मीटरला, मान खाली घालून, थापाड्या ठरवलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

घरी आणल्यावर कळलं की इंटरनेटचा डबा हॉलमध्ये आहे आणि सोबत आणलेली निळी वायर आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही. ती दाराच्या चौकटीशी येऊन संपली. लांब वायर आणावी तर दुकान दुसऱ्या दिवशी उघडणार होतं, आणि काटेकोरांना दम निघत नव्हता. त्यांनी मीटर हॉलमध्येच, फुलदाणीच्या जागी ठेवला. घर एक, वीज एक, जी हॉलमध्ये तीच आत, असा त्यांनी बायकोला खुलासा केला. बायकोनं तो मागितला नव्हता. तिला फुलदाणी कुठं ठेवायची ते हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी फोन उघडला आणि घरातली वीज त्यांच्या तळहातावर आली. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास हलकेच थरथरणारी रेषा. काटेकोरांना भरून आलं. त्यांनी ती टेबलाजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली, आणि संध्याकाळी, कौतुकाचा मोह न आवरून, मॅनेजरसाहेबांनाही त्यांच्या फोनवर जोडून दिली. ही चूक नुसती चूक नव्हती, तो एक उद्योगच झाला. मॅनेजरसाहेबांना निवृत्तीनंतर बघायला प्रथमच काहीतरी हलतं मिळालं होतं. ते दुपारी कामाच्या ऐन गर्दीत काटेकोरांना फोन करत आणि "आत्ता जरा खाली आली होती, बघितलीत का?" असं आजारी माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात विचारत.

खाली यायची ती इतकी थोडी की काटेकोरांनी एरवी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण मशीन तर बंद पडतच होतं, आणि ज्या वेळी ते पडे त्या वेळी रेषेत काहीच दिसत नसे. त्यावरून कुठल्याही माणसानं काय समजायचं ते समजलं असतं. काटेकोरांनी असं ठरवलं की रेषा सावकाश आहे. त्यांनी मीटरला आणखी भराभर मापं पाठवायचा हुकूम दिला. त्या पुरात घरातलं इंटरनेट गुदमरलं, मॅनेजरसाहेबांचा फोन तापला, आणि रेषा आता जाड केसाळ सुरवंटासारखी दिसू लागली. त्या केसांत काटेकोरांना दातांच्या डॉक्टरांचा हवेचा पंप सापडला. पंप सुरू झाला की एक केस खाली येतो, असा त्यांचा शोध होता.

ते आणि मॅनेजरसाहेब मिळून दवाखान्यात गेले. तोंडात कापूस घातलेल्या एका रोग्यासमोरच बोलणी झाली. डॉक्टर आधी चिडले, मग आईचं ऐकून मवाळ झाले आणि दुपारी पंप बंद ठेवीन म्हणाले. त्यानंतर रेषा स्पष्टच सुधारली. निदान काटेकोरांना आणि मॅनेजरसाहेबांना ती सुधारलेली दिसली. मशीन मात्र बंद पडायचं ते पडतच राहिलं.

मधल्या काळात मीटरनं घरात आपलं बस्तान बसवलं. काटेकोरांनी त्याला दाब पडला की शिट्टी मारायला शिकवलं होतं. पहिल्याच दुपारी तो आईचा डोळा लागता लागता कोकलला. आई नळी सावरत हॉलमध्ये आली आणि तिनं त्याच्या अंगावरची दिसतील ती बटणं दाबली. काही झालं नाही. या जातीचा मीटर एकदा दूरच्या हुकमात गेला की त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा शब्द उमटतो आणि अंगावरची बटणं मुकी होतात. हुकूम येईल तो लांबूनच, समोर उभ्या माणसाचं काही चालत नाही. आईनं काटेकोरांना फोन लावला. ते बैठकीत होते, त्यांनी उचलला नाही. शेवटी वैतागून तिनं मीटरच्या पाठीतली निळी वायर उपटली. शिट्टी काही थांबली नाही, पण काटेकोरांचा फोन तत्क्षणी आला. बैठकीतून बाहेर येऊन, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, ते विचारत होते की रेषा का तुटली.

आई म्हातारी होती, पण चाणाक्ष होती. स्वतःहून फोन केला तर मुलगा कामात असतो, वायर ओढली तर मुलगा लगेच येतो, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. मग दुपारी कधीतरी रेषा तुटायला लागली. काटेकोर फोन करत. आई सांगे, चुकून हात लागला. आणि मग, आता आलाच आहे फोन तर, गॅलरीतल्या कुंडीला कळी आलीय, बायको डबा विसरलीय, प्लग आज जरा जास्तच गरम वाटतोय. काटेकोर म्हणत, "बरं, बरं, आधी वायर लाव." ती वायर लावी. रेषा पुन्हा सुरू होई, आणि काटेकोर फोन ठेवून देत.

एकदा मॅनेजरसाहेबांनी आपल्या फोनवर कुठलंतरी बटण दाबून बघितलं. त्या जुन्या मीटरला मालक-परका असा भेद कळत नव्हता, जो हुकूम देईल तो धनी. रेषा धाडकन शून्यावर आली. मॅनेजरसाहेबांनी जिन्यात येऊन वीज गेल्याची बातमी दिली, आणि ती देताना त्यांच्या डोक्यावर जिन्यातला दिवा लागलेला होता. काटेकोर ऑफिसातून अर्ध्या रजेवर धावत आले. आल्यावर त्यांनी एक हुकूम बदलला आणि रेषा वर गेली. त्यांची ती रजा मात्र वर्षअखेरीपर्यंत साहेबांच्या लक्षात राहिली.

एवढं सगळं घेऊन ते वीज कार्यालयात गेले. तिथल्या अभियंत्यानं रेषेचे छापील कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, हा मीटर तपासलेला आहे का? असेल तर दाखला आणा. काटेकोरांच्या सगळ्या हयातीत त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नव्हता. ते दाखले द्यायचे. ते प्रयोगशाळेत परत आले, तर दप्तरी त्यांच्याच सहीनं लिहिलेलं होतं की हा मीटर चुकीचा दाखवतो. साहेब म्हणाले, "तुम्हीच त्याला नालायक ठरवता, तुम्हीच घरी नेता आणि आता तुम्हालाच तो लायक हवाय?" त्यांनी मीटर दुसऱ्याकडून तपासून घेतला. तपासणी चालू असताना काटेकोर आपल्याच खोलीच्या दाराबाहेर, परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखे, येरझाऱ्या घालत होते. मीटर पास झाला. आधीचा दाखला खोटा ठरून काटेकोरांची लाज गेली, पण साहेबांनी मीटर तक्रारीपुरता पुन्हा बाहेर सोडला.

दाखला बघून अभियंता म्हणाला, "ठीक आहे. पण कागद काय, कुणीही छापतो. चालू दाखवा." हे त्यानं कटवण्यासाठी म्हटलं होतं. त्याला काय माहीत की काटेकोर याच वाक्याची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशीची वेळ ठरली. रात्री जेवताना त्यांनी आईला बजावलं, "उद्या साहेबांना दाखवायचंय. काही झालं तरी त्या वायरला हात लावू नकोस." आई म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्यानंतर मशीन बंद पडायचं थांबेल ना रे?" काटेकोर म्हणाले, थांबेल.

अभियंत्याच्या टेबलावर पाण्याच्या पेल्याला टेकवून काटेकोरांनी फोन उभा केला. रेषा आली. अभियंत्यानं चष्मा पुसला. हे तुमच्या घरात आत्ता चाललंय? आत्ता, काटेकोर म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले, मग आणखी एक बाई आल्या, आणि काटेकोरांच्या खुर्चीमागे चांगली गर्दी जमली. इतकी माणसं त्यांचं म्हणणं ऐकायला यापूर्वी कधी उभी राहिली नव्हती. मग त्यांना राहवेना. इथून तिकडची शिट्टीही वाजवता येते, ते म्हणाले, आणि त्यांनी ती वाजवली. तिकडे कुणाला ऐकू येत असेल का, असं बाईंनी विचारलं. सगळ्या इमारतीला, काटेकोर अभिमानानं म्हणाले.

थोड्याच वेळात रेषा तुटली.

पडद्यावर एक रिकामी जागा सरकू लागली. सगळे काटेकोरांकडे बघायला लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. निदान आज तरी नको होतं, निदान आज. त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "आई आहे," ते म्हणाले. "बोलायचं असलं की वायर ओढते." मंडळी हसली. बाई म्हणाल्या, मग करा की फोन. काटेकोर म्हणाले, तिची सवय मोडायला हवी, लावेल आपली आपण. रिकामी जागा सरकत राहिली. मग फोन वाजला तो मॅनेजरसाहेबांचा, रेषा तुटल्याची तक्रार करायला, हे काटेकोरांनी न उचलताच ओळखलं आणि तोडला. पुन्हा वाजला, पुन्हा तोडला. तिसऱ्यांदा अभियंताच म्हणाला, "अहो, घ्या तो."

तिकडे झालं होतं ते असं. मशीन बंद पडलं आणि शिट्टी मारायला लागलं. त्याच सुमाराला मीटरही कोकलला होता, त्यामुळे इमारतीत ज्यांनी ज्यांनी शिट्टी ऐकली त्यांनी काटेकोरांचं नेहमीचं चाललंय असं समजून दारं लोटून घेतली. आईनं बटण दाबून बघितलं. मशीन सुरू झालं नाही. तिनं फोनपर्यंत जायचा विचार केला असेल, नसेल, पण कुठल्या मार्गानं मुलगा येतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीला धरत ती हॉलपर्यंत आली, तिनं वायर ओढली आणि वायर हातात घेऊन खुर्चीत बसून राहिली. मॅनेजरसाहेबांनी रेषेची थोडा वेळ वाट पाहिली, काटेकोरांना फोन केले, आणि शेवटी चिडून, त्यांच्याकडे असलेल्या जादा किल्लीनं दार उघडून, वायर पुन्हा लावायला म्हणून ते आत आले. त्यांची हाक ऐकून दातांचे डॉक्टर तळमजल्यावरून ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन जिना चढले ते अॅप्रन आणि हातमोज्यांसकट. ते दोघं नसते तर पुढं सांगण्यासारखं काही राहिलं नसतं.

काटेकोर वीज कार्यालयातून धावत सुटले. पुढं महिन्याभरानं त्यांना कळवण्यात आलं की तक्रारदार तपासणीच्या मध्येच निघून गेल्यामुळे तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

इस्पितळात आई शुद्धीवर होती. तोंडावर मुखवटा होता, तो तिनं जरासा उचलला. काटेकोरांना वाटलं, आता ती बोलेल ते ऐकून घ्यायचं, काहीही बोलली तरी ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, "तू नको म्हणाला होतास, तरी ओढली. काम बिघडलं का रे तुझं?" काटेकोरांना रडू फुटलं. परिचारिका म्हणाली, पेशंटला बोलायला लावू नका.

ताई आली. आश्चर्य म्हणजे ती ओरडली नाही. तिनं आईचे कपडे भरले, औषधं भरली, मशीन गाडीत चढवलं. निघताना आईनं गॅलरीकडे एकदा पाहिलं आणि बायकोला कुंडीला पाणी घालायला सांगितलं. भिंतींबद्दल ती काही बोलली नाही. काटेकोर मध्ये पडले नाहीत, त्यांच्याकडे दाखवायला काहीही उरलं नव्हतं.

दोन-चार दिवस ते आतल्या खोलीत गेलेच नाहीत. मग बायको म्हणाली, पलंगाखालचं झाडून तरी घेऊ. पलंग सरकवला तेव्हा भिंतीवरचं प्लग लावायचं सॉकेट उघडं पडलं. त्याच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग होता, इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की कापडावर पडतो तसा. काटेकोर तिथंच मांडी घालून बसले. खूप वेळानं उठून त्यांनी हॉलमधला मीटर आणला. निळी वायर दारापर्यंत आली आणि गळून पडली, ती त्यांनी पडू दिली. मीटर अजून दूरच्याच हुकमाची वाट बघत होता. सगळ्या मुक्या बटणांत एकच, कडेला दडलेलं बटण समोरच्याचं ऐकणारं असतं, ते त्यांनी दाबलं. कोपऱ्यातला शब्द गेला. मग त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावून त्यांनी तिथं, वीज खाणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी, माप घेतलं. आकडा धडाधड खाली आला, सावरला, पुन्हा खाली आला. वीज कार्यालयाला दाखवता येईल अशी इतकी सुंदर पडझड त्यांना महिनोन्‌महिने मिळाली नव्हती.

त्यांनी मुख्य बटण बंद करून सॉकेट उघडलं. आतला एक स्क्रू सैल होता. मशीन वीज ओढायला लागलं की तिथला जोड तापायचा आणि सुटायचा. जळकं सॉकेट टाकून त्यांनी नवं बसवलं. हे काम व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं की आई सांगत होत्या तो प्लग हाच का. काटेकोर हो म्हणाले.

खाली जाऊन त्यांनी दातांच्या डॉक्टरांची माफी मागितली आणि पंप आता दुपारीही चालवा म्हणाले. डॉक्टर ओशाळले. पंप त्यांनी कधी बंद ठेवलाच नव्हता. रोगी असतात हो, ते म्हणाले. काटेकोरांना ती सुधारलेली रेषा आठवली.

रविवारी त्यांनी ताईकडे फोन लावला. आई फोनवर आली. काटेकोरांनी सगळं सांगितलं, स्क्रू, डाग, नवं सॉकेट, आता इथं मशीन कधी बंद पडणार नाही. ती कधीही परत येऊ शकते, असंही सांगितलं. आईनं नीट ऐकून घेतलं. दोष सापडला याचा तिला आनंद झालेला दिसला. पण ताईनं आता सगळं बसवलंय, ती म्हणाली, पुन्हा पुन्हा कुठं हलवाहलव. दिवसभर एक बाई असते, बाई चांगली आहे. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

"म्हणजे बरंय तिकडे," काटेकोर म्हणाले.

"बरंय," आई म्हणाली. "फक्त इथं ओढायला वायर नाही."

काटेकोरांना बोलायचं होतं. रोज दुपारी फोन करीन, असं म्हणायचं होतं, पण रेषा तुटलेली नसताना आईशी काय बोलायचं असतं ते त्यांना एकदम सुचेना. जेवलीस का, त्यांनी विचारलं. जेवले, ती म्हणाली. मग ती थोडा वेळ वाट बघत राहिली, आणि तेही फोन कानाला लावून बसून राहिले.